'पोट्टा जेआरएफ झाला' म्हणजे नेमका कोणता?

आमच्या नागपूरच्या प्रतापनगरात कोणाचा पोट्टा 'जेआरएफ झाला' की घरी पेढे येतात. पेढा तोंडात टाकून मी विचारतो, "कोणता? नेटवाला की प्रोजेक्टवाला?" घरच्यांना बहुधा माहीत नसतं. कधीकधी पोट्ट्यालाही धड सांगता येत नाही. त्यात त्याचा दोष नाही म्हणा. दोन्ही पत्रांवर 'ज्युनियर रिसर्च फेलो' हेच छापलेलं असतं आणि संशोधन करण्यासाठी मिळणारी रक्कमही बरेचदा तीच, महिन्याला ३७,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा.

पण पहिल्यात पैसा तुमच्या नावाने मंजूर होतो आणि दुसऱ्यात तुमच्या सरांच्या प्रकल्पाच्या नावाने. पुढचे सगळे फाटे इथूनच फुटत जातात.

नेटवाला जेआरएफ यूजीसी-नेट या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेतून मिळतो. एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था ती वर्षातून दोनदा घेते. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. कॉम्प्युटरवाल्यांनी सीएसआयआर-नेटच्या, म्हणजे विज्ञान विषयांच्या वेगळ्या नेटच्या, मागे लागू नये, तिथे हा विषयच नाही. एमसीए, एम.एससी., एम.टेक. झालेले बसतातच, पण २०२४ पासून चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर मास्टर्सशिवायही बसता येतं. आणखी एक घोळ म्हणजे 'नेट निघाली' आणि 'जेआरएफ मिळाली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालच्या कटऑफवर निघालेल्याला सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळते किंवा नुसती पीएचडी प्रवेशाची, फेलोशिप नाही.

फेलोशिप एकूण पाच वर्षांची. दोन वर्षांनी कामाचा आढावा होतो आणि मग 'सीनियर रिसर्च फेलो' होऊन महिन्याला ४२,००० रुपये. व्हीएनआयटी या इथल्या इंजिनीअरिंगच्या राष्ट्रीय संस्थेत गेलात, नागपूर विद्यापीठात गेलात किंवा नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत जाऊन अॅकसरकडून (AcSIR, सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत पीएचडी देणारी अकादमी) पीएचडी केलीत, तरी पैसा तुमच्या मागे येतो. अट एवढीच की पीएचडीला प्रवेश हवा. फेलोशिपच्या पत्राला मुदत असते. तेवढ्यात गाइड मिळाला नाही तर ते फ्रेम करून भिंतीला लावायच्या कामाचं.

प्रोजेक्टवाल्याची गोष्ट उलट आहे. एखादे प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाकडे, इस्रोकडे किंवा अशाच दुसऱ्या खात्याकडे प्रस्ताव पाठवतात. मंजुरीत यंत्रं, प्रवास आणि एक-दोन माणसांचा खर्च धरलेला असतो. त्यातलं एक माणूस म्हणजे तुम्ही. संस्थेच्या संकेतस्थळावर जाहिरात येते, वॉक-इन मुलाखत होते, नेमणूक वर्षाची आणि पुढे वाढवत नेलेली. नेट नसेल तर बी.टेक.वाल्याला इथे गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची परीक्षा, कामी येते. तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. दोन्ही नसतील तर पदाचं नाव बदलतं, पैसेही कमी होतात.

नागपुरात या वाटेला तसा वाव आहे, आणि आपली पोरं व्हीएनआयटी, ट्रिपल-आयटी सोडून दुसरीकडे बघत नाहीत याचं मला नवल वाटतं. उपग्रहाची चित्रं वाचायला इस्रोचं प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आणि व्हीएनआयटीच्याच आवारातलं एमआरसॅक, म्हणजे राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, आहे. कापूस संशोधन संस्था आणि मृदा सर्वेक्षणाचं केंद्रही इथेच. अशा ठिकाणी मशीन लर्निंग येणारा माणूस लागतो, आणि हाती येणारा डेटा खऱ्या शेताचा, खऱ्या जमिनीचा असतो.

मी स्वतः प्रोजेक्ट जेआरएफ होतो. कुठे, ते जाऊ द्या. रुजू झाल्यावर आठवडाभरात कळलं की तीन वर्षांच्या प्रकल्पातली दीड वर्षं आधीच संपली आहेत. मुलाखतीत कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. पुढे निधीचा हप्ता अडकला आणि चार महिने खानावळीचे पैसे मोठ्या भावाने भरले. हप्ता आला तेव्हा थकबाकी एकदम मिळाली. पण प्रकल्प संपला तशी मीही पिशवी उचलली. तरी त्या काळात एक शोधनिबंध झाला, आणि संशोधन आपल्याला झेपतं हे समजलं. नेटचा अभ्यास करून ते समजलं नसतं.

म्हणून पीएचडी करायचीच असं पक्कं असेल तर नेटच्या मागे लागा. बी.ई. नुकतंच झालं असेल आणि मन डळमळत असेल तर आधी वर्षभर प्रोजेक्ट करून पाहा. मात्र मुलाखतीतच विचारून घ्या की मंजुरीपत्र कोणत्या तारखेचं, महिने किती उरले, या पदावर असताना पीएचडीला नाव नोंदवता येतं का. काही संस्था नोंदवू देतात, काही नाही. निबंधावर आपलं नाव येईल का हेही विचारा, काहून की नंतर तोच वाद होतो.

आणि बायोडेटात नुसतं 'जेआरएफ' लिहू नका. 'यूजीसी-नेट जेआरएफ' लिहा, किंवा 'प्रोजेक्ट जेआरएफ' आणि पुढे निधी देणाऱ्या खात्याचं नाव. नाहीतर पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न माझाच येणार: कोणता?