ट्रंकेतले कागदी शेअर : ते आले कुठून आणि आता त्यांचं काय करायचं

चिपळूण, गुहागर, दापोलीकडची जुनी घरं आवरताना अजून शेअर सर्टिफिकेटं निघतात. मुंबईत नोकरी केलेल्या आजोबांनी कधीतरी अर्ज भरलेला असतो. पुढे खोली सुटते, पत्ता बदलतो, डिव्हिडंड, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, परत जातो. हे कागद सोडवायला आमच्याकडे आलेली मंडळी विचारतात, "शेअर आमचेच, मग एवढे पुरावे कशाला?" प्रश्न रास्त आहे. यातला जवळजवळ प्रत्येक नियम कोणाचे तरी पैसे बुडाल्यावर आलेला आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

१८५०च्या दशकात मुंबईचे दलाल टाउन हॉलजवळच्या वडाखाली जमत. व्यवहार शब्दावर चाले. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी आपल्याकडून तो उचलला. मुंबईत पैशाचा पूर आला. दलाल प्रेमचंद रायचंद यांचं नाव तेव्हा सर्वतोमुखी झालं. बॅक बेमध्ये समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. घातक गोष्ट अशी, की बँका शेअरच तारण ठेवून कर्ज देत आणि त्या कर्जातून लोक पुन्हा शेअर घेत. १८६५ला युद्ध संपलं, कापूस कोसळला, मागोमाग शेअर, आणि तारणाला किंमतच उरली नाही. बँक ऑफ बॉम्बे १८६८ला गुंडाळावी लागली. या धड्यानंतर, १८७५मध्ये, दलालांनी आपली संघटना बांधली. आजचं बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार, ते हेच.

गिरण्याही शेअर विकूनच उभ्या राहिल्या. त्यांत राबायला रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसं गेली, पण घरी आली ती मनिऑर्डर. डिव्हिडंड दुसरीकडे गेला. आम्हाला ही गोष्ट फार लागते. कोकणातल्या घरांत शेअर बरेच उशिरा आले. १९७३च्या परकीय चलन कायद्यामुळे बऱ्याच परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा कमी करून भारतीयांना शेअर विकावे लागले. १९७७ला रिलायन्सचा इश्यू, म्हणजे लोकांसाठीची शेअरविक्री, आला, १९७८ला कोलगेटचा. पगारदार माणूस तेव्हा पहिल्यांदा रांगेत उभा राहिला. तुमच्या ट्रंकेतले कागद बहुधा त्याच सुमाराचे किंवा नंतरचे असतील.

जाता जाता, आपली कोकण रेल्वेही भांडवल बाजारामुळेच झाली. १९९०ला कंपनी निघाली. भागभांडवल रेल्वे मंत्रालय आणि चार राज्यांनी घातलं, बाकीचा बराच पैसा रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, विकून उभा केला.

कागदी शेअरचे हाल मात्र फार होते. सही जुळली नाही की व्यवहार परत. सर्टिफिकेटं टपालात गहाळ होत, बनावटही निघत. १९९२ला हर्षद मेहता प्रकरण उघडकीला आलं. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात, मागे रोखेच नसलेल्या बँक पावत्या फिरल्या होत्या आणि बँकांचा पैसा शेअर बाजारात वळवला गेला होता. शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी १९८८पासून होती. कायद्याचे अधिकार तिला १९९२ला मिळाले. १९९४ला एनएसई या दुसऱ्या शेअर बाजारात संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू झाले, १९९६ला डीमॅट आलं, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावरच्या खात्यात राहू लागले. आज विकलेल्या शेअरचा हिशेब कामकाजाच्या पुढच्याच दिवशी पुरा होतो.

आता तुमच्या कागदांबद्दल. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. आधी डीमॅट करावे लागतात. शेअरधारक वारले असतील तर वारसांच्या नावावर ते चढवता येतात. सलग सात वर्षं डिव्हिडंड कोणी घेतला नसेल तर शेअरही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, जातात. म्हणून ते बुडाले असं समजू नका. मागणी करून परत मिळतात. त्या अर्जाला सरकारी फी नाही, त्यामुळे "सरकारात भरायचे" म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. आमचा मेहनताना आम्ही आधी लिहून देतो.

जुलै २०२१च्या पुरात ज्यांचे कागद भिजले त्यांनी ते टाकू नयेत आणि लॅमिनेटही करू नयेत. फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीच्या नोंदीतला शेअरधारकाचा क्रमांक, वाचता आला तरी बरंच काम होतं.

येताना मूळ सर्टिफिकेटं, कंपनीची जुनी पत्रं किंवा डिव्हिडंडचे कागद, मृत्यूचा दाखला, आणि सगळ्या वारसांचं पॅन व आधार आणा. भावंडं मुंबईला असतील तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या, कारण त्यांच्या सह्या लागतात. गणपतीत सगळे गावी जमतात, तेव्हा हे काम एका बैठकीत उरकतं.