सर्दीच्या गोळीतला एक ऑक्सिजन

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाजवळच्या एका मेडिकलमध्ये उभा होतो. माझ्या पुढच्या माणसाने सर्दीच्या गोळ्यांची दोन अख्खी खोकी मागितली. "घरात किती जण आजारी हैत?" काउंटरवरच्या ताईंनी विचारलं. "तुम्हाला काय करायचंय? पैसे देतोय की!" ताईंनी एक पट्टी पुढे ठेवली. "एवढी न्या. जास्त पाहिजे तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा." तो पट्टी न घेताच निघून गेला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "साध्या सर्दीच्या गोळीला एवढी उलटतपासणी?"

मी रसायनशास्त्राचा माणूस, मला ती उलटतपासणी फार आवडली.

नाक चोंदतं ते शेंबडाने कमी आणि सुजेने जास्त. नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अडवतात. काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. ते मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर काढायला लावतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक मोकळं होतं. या रेणूचं सूत्र C₁₀H₁₅NO. आता मेथॲम्फेटामिन या भयंकर नशेच्या पदार्थाचं सूत्र बघा: C₁₀H₁₅N. फरक एका ऑक्सिजनचा!

पण हा एक ऑक्सिजन मोठं काम करतो. तो हायड्रोजनला धरून असतो आणि या जोडीला पाण्याची ओढ असते. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यामुळे आत शिरायचं तर पेशींच्या स्निग्ध आवरणातूनच जावं लागतं. पाण्याकडे ओढला जाणारा रेणू तिथे अडखळतो. म्हणून स्यूडोएफेड्रिन मेंदूत थोडंच पोचतं. काहींची झोप उडते ती त्या थोडक्यामुळेच. ऑक्सिजन नसलेला भाऊ मात्र सरळ आत घुसतो, डोपामिन या सुखाची जाणीव देणाऱ्या रसायनाचा पूर आणतो आणि माणूस त्याचा गुलाम होतो. हा ऑक्सिजन काढता येतो, म्हणून तर गुन्हेगारांची नजर सर्दीच्या गोळीवर असते.

"वनस्पतीतलं म्हणजे निर्धोक" असं मानणाऱ्यांसाठी इथेच सांगतो. स्यूडोएफेड्रिनचा सख्खा भाऊ एफेड्रिन, तो 1885 मध्ये जपानच्या नागाई नागायोशी यांनी एफेड्रा या झुडपातूनच वेगळा केला. वजन घटवायला विकली जाणारी एफेड्राची उत्पादनं अमेरिकेने 2004 मध्ये बंद केली, कारण हृदय आणि रक्तदाबाचा धोका. झाडपाल्याचं म्हणून हृदय गय करत नाही.

त्याच वर्षी तिथल्या ओक्लाहोमा राज्याने स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या काउंटरमागे नेल्या. 2006 मध्ये अख्ख्या अमेरिकेत कायदा झाला: ओळखपत्र दाखवा, वहीत सही करा, दिवसाला 3.6 ग्रॅम आणि 30 दिवसांत 9 ग्रॅमपेक्षा जास्त मिळणार नाही. घराघरांतल्या मेथॲम्फेटामिनच्या छोट्या भट्ट्या झपाट्याने कमी झाल्या. नशा संपली नाही. माल मेक्सिकोतल्या मोठ्या कारखान्यांतून येऊ लागला. तरीही घरातल्या भट्टीचे स्फोट आणि विषारी धूर यांतून त्या घरांतली लेकरं वाचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन हे नियंत्रित पदार्थ आहेत. हे लांबचं प्रकरण नाही. 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून टनावारी एफेड्रिन पकडलं होतं. 1 मार्च 2014 पासून एच-1 ही चिठ्ठीवरच द्यायच्या, जास्त जपायच्या औषधांची यादीही लागू आहे. ट्रामाडोल, कोडीन, अल्प्राझोलाम अशी औषधं विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती 3 वर्षं ठेवावी लागते. ताईंचं ते रजिस्टर मी पाहिलं, निळ्या शाईत आखलेले रकाने, एकही रिकामा नाही.

खोकी मागणारा, आजारी कोण ते सांगता न येणारा, किंवा एकाच गाडीतून उतरून पाळीपाळीने आत येणारे चौघं: हे यंत्राला नाही, गल्ल्यावर बसलेल्या माणसालाच दिसतं. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या रसायनविक्रेत्यांनीही एवढंच करावं. रसायनांचे कॅनच्या कॅन रोखीने मागणाऱ्याला कारखाना कुठला, माल कशाला लागतो ते विचारावं, पक्कं बिल करावं. उत्तर पटलं नाही तर भांडत बसू नये. माणूस आणि गाडीचा नंबर लक्षात ठेवावा आणि 1933 या अमली पदार्थांविरोधातल्या मानस हेल्पलाइनला कळवावं. फोन फुकट आहे.