साथीच्या काळात रक्तदान : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

साथ आली की शिबिरे रद्द होतात, नेहमीचे दाते आजारी पडतात किंवा विलगीकरणात अडकतात. बाळंतपणातला रक्तस्राव, अपघात, थॅलेसेमिया, कर्करोग यांना मात्र रक्त लागतच राहते. सगळ्यात बिकट स्थिती प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची. त्या 20 ते 24 अंश तापमानात सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि साधारण 5 दिवसच टिकतात. लाल पेशी 35 ते 42 दिवस. त्यामुळे आवाहन वाचून सगळे एकाच दिवशी आले, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तुटवडा. आधी रक्तपेढीला फोन करा, कोणता गट कधी हवा ते विचारा, वेळ ठरवूनच निघा.

नियम देशागणिक थोडे बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वय 18 ते 65, वजन 350 मिलिलिटरसाठी किमान 45 किलो, 450 साठी 50. हिमोग्लोबिन स्त्रियांचे किमान 12, पुरुषांचे 13 ग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन रक्तदानांत पुरुषांनी 12, स्त्रियांनी 16 आठवडे जाऊ द्यावेत. नुकताच ताप, गोंदण, शस्त्रक्रिया किंवा लसीकरण झाले असेल, तर तारखेसह सांगा; कधी थांबायचे ते तिथले डॉक्टर ठरवतील. अॅस्पिरिन घेतली असेल तर काही दिवस प्लेटलेट देता येत नाहीत.

सोबत छायाचित्र असलेले ओळखपत्र, जुने दाता कार्ड आणि चालू औषधांची नावे लिहून आणा. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावर काम भागत नाही, दाता परत जातो. नाव ओळखपत्राप्रमाणेच लिहा, नाहीतर जुनी नोंद सापडत नाही.

उपाशीपोटी येऊ नका; चक्कर येण्याचे ते नेहमीचे कारण. तासाभरापूर्वी हलके खा, अर्धा लिटर पाणी प्या. मग प्रश्नावली आणि संमतीपत्र, बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन, रक्तदाब, तापमान. प्रत्यक्ष रक्त घ्यायला 10 मिनिटे पुरतात, नंतर 15 मिनिटे बसून राहा.

प्रश्नावली घाईत भरू नका. एचआयव्ही, कावीळ बी व सी, सिफिलिसची तपासणी होते. पण संसर्ग अगदी ताजा असेल तर ती चुकू शकते. तिथे तुमचे खरे उत्तरच रुग्णाला वाचवते.

घरी गेल्यावर पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर लगेच रक्तपेढीला कळवा आणि दानाचा क्रमांक सांगा. डेंग्यूसारखे विषाणू रक्तातून जातात. वेळेत फोन आला तर पिशवी रुग्णापर्यंत जाण्याआधी बाजूला काढता येते.