बेस दणदणीत हवा, फाटका नको
(गाडीत सबवूफर आणि त्याचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, बसवलेल्या ग्राहकांसाठी)

ॲम्पवर ‘गेन’ लिहिलेला एक छोटा नॉब असतो. तो आवाज वाढवायचा नॉब नाही. हेड युनिटमधून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्टिरिओतून, येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ घालण्यापुरताच तो आहे. गेन गरजेपेक्षा जास्त फिरवला की ॲम्पची पॉवर वाढत नाही, फक्त ॲम्प लवकर क्लिप होतो, म्हणजे आवाजाच्या लहरींचे माथे कापले जातात. तसाच वाजवत राहिलात तर वूफरची कॉइल तापते. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच वूफरना उघडायच्या आधीच जळक्या लाखेचा वास येतो.

गेन कानाने नव्हे, मल्टिमीटरने लावा. आधी वूफरच्या वायर ॲम्पपासून काढा. गेन पूर्ण खाली, बेस बूस्ट शून्यावर, लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे आवाज अडवणारा) सगळ्यात वर. डॅशबोर्डवर बेसचा वेगळा नॉब दिला असेल तर तो पूर्ण वर. हेड युनिटचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद. इंजिन चालू ठेवून 50 हर्ट्झचा, 0 डीबीचा टेस्ट टोन लावा आणि हेड युनिटचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्या. आता मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर लावा आणि गेन हळूहळू वाढवा.

किती व्होल्टपर्यंत? वॅट गुणिले वूफरचे ओहम (त्याचा विद्युत रोध), आणि त्याचं वर्गमूळ. 2 ओहमवर 500 वॅट असतील तर 1000 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 31.6 व्होल्ट. वॅट आरएमएसचेच, म्हणजे सतत झेपणाऱ्या पॉवरचेच धरा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ‘मॅक्स’ आकडा सोडून द्या. ॲम्प आणि वूफर यांच्यापैकी ज्याचे आरएमएस वॅट कमी, तेच हिशेबात घ्या. आकडा आला की थांबा, टोन बंद करा आणि मगच वूफर जोडा. यापुढे हेड युनिटचा आवाज त्या तीन-चतुर्थांशाच्या वर नेऊ नका.

बेस बूस्टला हात न लावलेलाच बरा. 3 डीबी वाढवले की त्या पट्ट्यात ॲम्पला दुप्पट पॉवर द्यावी लागते, 6 ला चौपट, 12 ला जवळजवळ सोळापट. एवढी पॉवर आणणार कुठून?

लो-पास 80 हर्ट्झपासून सुरू करा. गायकाचा आवाज डिकीतून येतोय असं वाटलं तर थोडा खाली घ्या. पोर्ट (हवेसाठी भोक) असलेल्या बॉक्सला सबसॉनिक फिल्टर, म्हणजे अगदी खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर, लागतोच. बॉक्स ज्या फ्रिक्वेन्सीला ट्यून केला आहे तिच्या जरा खाली तो लावा, कारण त्याखाली कोनला हवेचा आधार उरत नाही. ॲम्पवरचा फेजचा स्विच 0 आणि 180 दोन्हीवर ठेवून ऐकून बघा, पुढच्या सीटवर जिथे बेस भरीव वाटेल तिथे ठेवा.

आता वायरिंग. इथे चूक झाली तर नुसता आवाज बिघडत नाही, गाडी पेटू शकते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. ॲम्पवरच्या फ्यूजने हे काम भागत नाही, तो ॲम्पसाठी आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी आहे. पत्र्याच्या कडेला वायर सोलली गेली तर बॅटरीचा सगळा करंट तिथून वाहतो, आणि तो तोडायला मध्ये दुसरं काहीच नसतं. म्हणून हा फ्यूज वायरला झेपेल तेवढ्याच अॅम्पियरचा घ्या. तो उडाला म्हणून मोठा टाकू नका, का उडाला ते शोधा. वायर पत्र्यातून जाते तिथे रबराचं ग्रोमेट घाला.

500 वॅटचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात 45 अॅम्पियरच्या आसपास करंट ओढतो. वायर शुद्ध तांब्याची घ्या. वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम असलेली स्वस्त वायर घ्यायचीच असेल तर एक माप जाड घ्या. ग्राउंडची वायर तेवढ्याच जाडीची आणि आखूड हवी. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळा, सीटबेल्टच्या बोल्टला मात्र नाही. आरसीए केबल (हेड युनिटचा सिग्नल ॲम्पपर्यंत नेणारी) पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या. एक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी ग्राउंड तपासा.

प्रत्येकी 4 ओहमच्या दोन कॉइल असलेला वूफर पॅरललमध्ये 2 ओहम होतो, सिरीजमध्ये 8. ॲम्प किती ओहमपर्यंत चालतो ते पाहूनच जोडा. ॲम्प सीटखाली असेल तर त्यावर मॅट किंवा सामान ठेवू नका. प्रोटेक्टचा दिवा लागला की आवाज बंद करा, थंड होऊ द्या आणि पुन्हा लागला तर गाडी आमच्याकडे आणा.