रीडायरेक्ट की कॅनॉनिकल? एका हळदीच्या दुकानाचे दोन पत्ते

सांगलीच्या मार्केट यार्डात एका ओळखीच्या काकांचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे. ऑनलाइन दुकान आधी डॉट इनवर होतं. मग पुतण्यानं डॉट कॉम घेतलं आणि सगळा माल जसाच्या तसा तिकडंही चढवला. राजापुरी हळद, अर्धा किलो: फोटो तोच, मजकूर तोच. आता गुगलवर कधी हे पान दिसतं, कधी ते, आणि दोन्ही मागंच. याची गुगल शिक्षा करतं असं लोक छातीठोक सांगतात, तसं काही नाही. सारख्या पानांतलं एक ते स्वतःच निवडतं. नेमकं आपल्याला हवं तेच निवडेल याचा मात्र भरवसा नसतो.

यावर दोन औषधं आहेत, आणि पुतण्या दोन्हींना ‘रीडायरेक्ट’च म्हणतो.

खरा रीडायरेक्ट म्हणजे ३०१, ‘कायमचं हललोय’ असं सांगणारा सर्व्हरचा कोड. जुन्या दुकानाचं शटर कायमचं खाली. जो येईल त्याला थेट नव्या दारात नेऊन सोडायचं. माणूसही तिकडंच जातो, गुगलही. कॅनॉनिकल टॅगमध्ये दोन्ही दुकानं उघडीच राहतात. पानाच्या कोडमध्ये फक्त एक ओळ असते, ‘मूळ पान ते समजा’. गिऱ्हाइकाला ती दिसतसुद्धा नाही. २००९ साली गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून ही सोय आणली, पण गुगलच्या लेखी ती सूचना आहे, हुकूम नव्हे. टॅगमध्ये डॉट कॉम आणि साइटमॅपमध्ये, म्हणजे गुगलला दिलेल्या पानांच्या यादीत, डॉट इन असा घोळ असेल, तर गुगल ती सूचना बाजूलाही ठेवतं.

काकांना दोन दुकानं चालवायचीच नाहीत, म्हणजे ३०१. तेही पानाला पान जोडून: जुन्या हळदीवरून नव्या हळदीवर, बेदाण्यावरून बेदाण्यावर. पुतण्यानं सगळं सरसकट होमपेजवर वळवलं होतं. अशा वळणाला गुगल बहुधा ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं. शिवाय ३०२ वापरलेला, म्हणजे ‘तात्पुरतं हललोय’! दोन्ही बदलले आणि सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, पत्ता बदलल्याचं कळवलं.

उद्या डॉट इनवर घाऊक व्यापाऱ्यांसाठी तोच माल वेगळा मांडायचा ठरला, तर कॅनॉनिकल कामाला येईल. मात्र जुन्या साइटला रोबोट्स फाइलमधून (गुगलनं कुठं यावं, कुठं नको हे सांगणारी फाइल) कुलूप घालू नका. गुगल आतच आलं नाही, तर रीडायरेक्ट काय आणि टॅग काय, त्याला दिसणार कुठून?

“मग जुन्या डोमेनचे पैसे भरायचे बंद करू?” काकांनी विचारलं. रीडायरेक्ट किमान वर्षभर तरी ठेवा, असं गुगल सांगतं. मी काही न बोलता कोपऱ्यातल्या पोत्यातून एक रिकामं पाकीट काढलं. त्यावरचा क्यूआर कोड डॉट इनचाच होता. डोमेन सोडलं आणि उद्या दुसऱ्या कुणी घेतलं, तर हा कोड त्याचं दुकान उघडेल. काकांनी पोत्याकडं पाहिलं आणि पुतण्याला म्हणाले, “पाच वर्षांचे भरून टाक.”