नोड मॉड्यूल्स नको, लॉक फाइल पाठवा

"रिअ‍ॅक्टचा प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना नोड मॉड्यूल्सचा फोल्डरही झिपमध्ये घाल, नाहीतर त्याच्याकडे चालणार नाही." रिअ‍ॅक्ट ही वेब इंटरफेस बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, आणि नोड मॉड्यूल्स म्हणजे प्रोजेक्टला लागणारी दुसऱ्यांची पॅकेजेस ज्यात उतरतात तो फोल्डर. नव्या मुलांना झिपचा हा सल्ला अजूनही मिळतो. तो चुकीचा आहे.

व्हीट या प्रोजेक्ट उभारायच्या साधनाचं टेम्प्लेट वापरून प्रोजेक्ट उभा केलात की त्यासोबत आलेली गिटइग्नोर फाइल उघडा; कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटने काय काय सोडून द्यायचं, त्याची ती यादी. नोड मॉड्यूल्सचं नाव तिथे आधीच लिहिलेलं असतं. हा फोल्डर तुम्ही लिहिलेला कोड नाही. एनपीएम इन्स्टॉल (पॅकेजेस उतरवणारी कमांड) चालवलं की तो केव्हाही पुन्हा तयार होतो. उलट पाठवलात तर घोळ होतो. ईएसबिल्डसारखी कोड बांधणारी साधनं त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमची बायनरी (थेट चालणारी फाइल) उतरवून घेतात, त्यामुळे विंडोजवरचा फोल्डर लिनक्सवर टाकला की बिल्ड तिथेच अडतो.

मग "माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का नाही?" हे भांडण कुठून येतं? बहुतेक वेळा लॉक फाइल गाळल्यामुळे. पॅकेज फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, रिअ‍ॅक्टसमोर ^१८.२.० असं लिहिलेलं असेल, तर १८.२.० पासून १९ च्या आतली कुठलीही आवृत्ती चालते. आज तुम्हाला एक मिळेल, महिन्याभराने मित्राला दुसरी. नेमकी कुठली बसवली, हे पॅकेज-लॉक फाइल सांगते. ती हजारो ओळींची असते, म्हणून लोक कचरा समजून उडवतात, आणि मला खरं वाईट याचंच वाटतं. ती गिटमध्ये ठेवा. समोरच्याने एनपीएम सीआय ही कमांड चालवली की तोच संच जसाच्या तसा बसतो.