विषाणू सापडला, पण तो कामाला लागलाय का?

कोविडनंतर ‘अँटीबॉडी’ म्हटलं की लोक रक्त द्यायला हात पुढे करतात. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या बायोप्सी रिपोर्टात ‘पी१६ पॉझिटिव्ह’ दिसलं, की ‘म्हणजे अंगात अँटीबॉडी तयार झाल्या ना?’ असं विचारलं जातं. तर तसं नाही. पी१६ हे पेशीतलं एक प्रथिन आहे आणि ते शोधणारी इथली अँटीबॉडी रुग्णाची नसतेच. ती प्रयोगशाळेत बनवून बायोप्सीच्या तुकड्यावर टाकलेली असते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असतो तो एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू. त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ हे दोनच गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी असतात. पण संसर्ग झालेल्या बहुतेक बायकांच्या शरीरातून विषाणू एक-दोन वर्षांत आपसूक जातो. तेव्हा विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला, असं नव्हे. खरा धोका विषाणू मुक्काम ठोकून ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं भरमसाट बनवू लागला की सुरू होतो. ई६ पेशीच्या पी५३ या रक्षक प्रथिनाची विल्हेवाट लावतं आणि ई७ पेशीविभाजन रोखून धरणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं.

एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटीबॉडी हवी तेवढी बनवायची कशी? १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिल्स्टाइन या शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती मला अजूनही थक्क करते. उंदराला ते प्रथिन टोचायचं. त्याच्या प्लीहेतल्या बी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) अँटीबॉडी बनवतात, पण प्रयोगशाळेतल्या बशीत फार दिवस जगत नाहीत. मायलोमा या कर्करोगाच्या पेशी मात्र वाढतच राहतात. दोघींचा संकर केला तर काम साधतं, पण त्या गर्दीत संकरित पेशी ओळखायच्या कशा? डीएनएचे घटक मिळवायला पेशीकडे दोन वाटा असतात: नव्याने घडवणं किंवा जुने पुन्हा वापरणं. अमिनोप्टेरिन नावाचं औषध पहिली वाट बंद करतं. दुसरीसाठी एचजीपीआरटी हे विकर (एन्झाइम) लागतं आणि मायलोमा पेशी मुद्दाम ते नसलेल्याच निवडलेल्या असतात. त्यामुळे एकट्या मायलोमा पेशी मरतात, एकट्या बी-पेशी तशाही टिकत नाहीत. विकर बी-पेशीकडून आणि चिवटपणा मायलोमाकडून घेतलेल्या संकरित पेशीच तेवढ्या उरतात. एवढ्या मोठ्या शोधाचं पेटंटही घेतलं गेलं नाही!

गंमत म्हणजे रोजच्या तपासणीत ई६-ई७ थेट पकडायला जातच नाहीत. पेशीत ती फारच थोडी असतात. म्हणून त्यांच्या करामतीचा मागमूस शोधतात. पी१६ हे पेशीचं स्वतःचंच प्रथिन, विभाजनाला ब्रेक लावणारं. पण हा ब्रेक लागतो तो आरबीमार्फत. ई७ने आरबी निकामी केलं, की पेशी आणखी आणखी पी१६ बनवत राहते, तार तुटलेल्या ब्रेकचं पेडल दाबत राहावं तशी. अँटीबॉडी त्या साठ्याला चिकटते आणि काचपट्टीवर निळसर पेशींच्या रांगेत तपकिरी पट्टा उमटतो.

पी१६ म्हणजे एचपीव्हीच, असंही सरसकट धरू नये. इतर काही गाठींतही ते वाढलेलं दिसतं. आणि ‘रक्ताच्या एका थेंबात सगळे कॅन्सर’ ओळखून देणाऱ्या व्हॉट्सॲपवरच्या जाहिराती सरळ पुसून टाकाव्यात.

आपल्याकडे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, नेहमीच्या व्यवस्थेवर सोडलेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. ती चाचणी डीएनएची होती, तरी तिच्या पोटातही अँटीबॉडीच होती. विषाणूच्या डीएनएला आरएनएचा जुळणारा धागा जोडायचा आणि तयार झालेली डीएनए-आरएनए जोडी अँटीबॉडीने पकडायची.